उत्तरेच्या थंडीत स्कीइंग करणारी पोरं, त्यांची व्हिटॅमिन्स आणि ते सेलेनियम-झिंक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ओउलूत पहिला बर्फ टिकला की माझ्या फोनवर तेच प्रश्न सुरू होतात. मुलगा दमतोय, मुलीला सारखी सर्दी, कोचने व्हिटॅमिन्स चेक करा म्हटलंय, कुठली गोळी देऊ. मी डॉक्टर नाही, पुण्यात काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय आणि आता इथे फिनलंडमध्ये माझी लेक क्लबकडून क्रॉस कंट्री स्कीइंग करते, एवढंच. पण प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

उत्तरेकडचे खेळाडू म्हणजे नक्की कुठले?

साधारण ६० अंश अक्षांशाच्या वरचे धरा. पुणे साडेअठरा अंशावर आहे, ओउलू ६५ वर, डिसेंबरात इथला दिवस साडेतीन तासांचा. रशियात सायबेरियातलं खान्ती-मान्सिस्क ६१ वर, ओब आणि इर्तिश नद्यांच्या संगमाजवळ, बायथलॉनवाल्यांना माहीत असेल, २००३ आणि २०११ची वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथे झाली होती. त्या भागाला यूग्रा म्हणतात, सगळा तेलाचा इलाका, सुरगुत शहर त्यातलंच. तिथल्या लोकांच्या शरीरातली व्हिटॅमिन्स आणि ट्रेस एलिमेंट्स (म्हणजे सेलेनियम-झिंकसारखी अगदी थोडी लागणारी खनिजं) यावर रशियन डॉक्टर मंडळींनी बरंच काम केलंय. म्हणून खाली फिनलंड आणि यूग्रा दोन्ही येतील, दोन्हीकडे कडाक्याची थंडी पण ताटातलं आणि नळातलं वेगळं.

अँटिऑक्सिडंट अँटिऑक्सिडंट करतात, ते शरीरात करतं काय?

जोरात स्कीइंग करताना पोरगं आराम करतानाच्या कितीतरी पट ऑक्सिजन ओढतं, आणि त्यातून पेशीत फ्री रॅडिकल्स तयार होतात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी पडलेले, जे दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेणारे कण. पेशीच्या पडद्यातल्या फॅटला ते पकडतात. तिथे व्हिटॅमिन ई बसलेलं असतं, ते मध्ये पडतं आणि स्वतः बाद होतं. मग खो-खोसारखं चालतं बघा, ई ला सी खो देतं, सी ला ग्लुटाथायोन (ते शरीर स्वतःच बनवतं), आणि बसलेला गडी पुन्हा उठतो. म्हणून एकटं ई वाढवून फायदा नाही, मागे खो द्यायला कुणी बसलेलंच नसेल तर काय.

ट्रेस एलिमेंट्सचं काम एन्झाइम्समध्ये. सुपरऑक्साइड डिस्म्युटेस नावाचं एन्झाइम आहे, पेशीत एक कॉपर-झिंकवालं आणि मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, मँगनीजवालं, ते त्या रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. हो, तेच जखमेवर टाकल्यावर फेस येणारं. ते पेरॉक्साइड पण शरीरात साठू देऊन चालत नाही, त्याचं पाणी करायला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेस लागतं, ज्यात सेलेनियम असतं, आणि कॅटालेस लागतं, ज्यात आयर्न असतं. सेलेनियम कमी असेल तर अर्धं काम होऊन अडकतं.

इथे सुपरमार्केटात सगळं मिळतं, मग लेव्हल कमी का येते?

तीन-चार गोष्टी एकत्र येतात. जमीन आधी. फिनलंड काय किंवा स्वीडन काय, इथली माती आम्लधर्मी, त्यात मुळात सेलेनियम थोडं आणि जे आहे ते लोहाच्या ऑक्साइडला चिकटून बसतं, पिकाला उचलता येत नाही. मग गव्हात नाही, गवतात नाही, गायीत नाही, दुधात नाही.

दुसरं म्हणजे सीझन. हिवाळ्यात ताजी फळंभाजी महाग आणि लांबून आलेली, पोरं ती टाळतात, त्यामुळे व्हिटॅमिन सी मार्च-एप्रिलपर्यंत खाली सरकत जातं. यूग्रात तर बरंचसं दक्षिणेकडूनच यायचं, हजारो किलोमीटर.

तिसरं, खर्च. आठवड्याला दहा-बारा तास ट्रेनिंग, उणे पंधरात, आणि भूक भागवायला मधे चॉकलेट, बन, पास्ता. कॅलरी भरते पण बाकीचं मागे राहतं. माझ्या मते इथल्या पोरांचं खरं दुखणं हेच आहे, माती नंतर.

फिनलंडने खतात सेलेनियम टाकलं ही खरी गोष्ट की व्हॉट्सअॅप?

खरी. १९७०च्या दशकात इथला माणूस रोजचं जेमतेम २५-३० मायक्रोग्रॅम सेलेनियम खात होता. १९८४ मध्ये सरकारने ठरवलं की शेतीच्या खतात सोडियम सेलेनेट घालायचं, अख्ख्या देशात. धान्याच्या खतात सुरुवातीला किलोला १६ मिलिग्रॅम. काही वर्षांतच लोकांचा रोजचा आकडा १००च्या वर गेला, रक्तातलीही लेव्हल वाढली, मग १९९० मध्ये डोस कमी केला, नंतर परत थोडा वाढवला, आणि हे अजून चालू आहे. मला यातलं आवडतं ते म्हणजे कुणाला गोळी खायला सांगितली नाही. गवत बदललं, गाय बदलली, दूध बदललं. गाय आणि गहू आधी गाळणीचं काम करतात, त्यामुळे एका माणसाच्या पोटात एकदम जास्त जायची भीती कमी.

स्वीडनने असं केलं नाही. नॉर्वेची वेगळीच गंमत, ते अमेरिकेतून गहू आणायचे, तिकडच्या जमिनीत सेलेनियम भरपूर, त्यामुळे पावातून आपोआप मिळत होतं.

मग आपण फिनलंडमध्ये राहतो म्हणजे सेलेनियमची चिंता मिटली ना?

इथेच आपली मराठी घरं फसतात. घरात पोळी होते ती इंडियन स्टोअरच्या दहा किलोच्या पिशवीतून, आणि त्या पिशवीतला गहू फिनिश शेतातला नसतो. पिशवी उलटी करून बघा कुठला आहे. कॅनडाचा असेल तर उलट चांगलंच, ब्रिटन-युरोपातला असेल तर सेलेनियम कमी, भारतातला असेल तर सांगता येत नाही, कारण पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे काही गावांत जमिनीत सेलेनियम इतकं जास्त की जनावरांना त्रास होतो, आणि बाकी ठिकाणी साधारण. आमच्याकडे मी आता अर्धं इथलं गव्हाचं पीठ मिसळते. पोळी जराशी चिवट होते, नवरा कुरकुरतो. दूध-दही इथलंच असेल, अंडी-मासे खात असाल, शाळेचं दुपारचं जेवण पोरगं नीट जेवत असेल तर काळजी नको. पोरगं दूध पीत नाही, शाळेत फक्त बटाटा उचलतं आणि घरी आयात आटा, असं तिन्ही जुळून आलं की मग बघायला हवं.

यूग्रात पाण्यातच आयर्न जास्त आहे म्हणे. मग तिथल्या खेळाडूंना अॅनिमियाच नसेल?

पश्चिम सायबेरियाच्या जमिनीखालच्या पाण्यात आयर्न आणि मँगनीज खरंच जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. नीट ट्रीट न केलेलं पाणी बादलीत ठेवलं की तांबूस साका बसतो. तिथल्या लोकांच्या केसांच्या तपासण्यांत हाच पॅटर्न पुन्हा पुन्हा दिसलाय, आयर्न-मँगनीज चढलेलं, सेलेनियम, झिंक खाली. पण पाण्यातलं आयर्न म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन असं सरळ गणित नसतं, पाळी सुरू झालेल्या खेळाडू मुलीचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा, तिथेही कमी असू शकतं. वर सुटं आयर्न स्वतःच फ्री रॅडिकल्स तयार करतं, म्हणजे एका बाजूला आग लावणारं जास्त आणि विझवणारं कमी. म्हणून फेरिटिन न बघता 'दमतोय ना, दे आयर्न' हे कुठेच करू नका.

तिथले मूळचे लोक मग काय खाऊन तगले?

खान्ती, मान्सी, नेनेत्स लोकांचं जेवण म्हणजे नदीचा मासा, रेनडिअर, त्याचं लिव्हर, रानातल्या बेरी, सीडरच्या बिया. मासा गोठवून कच्चाच पातळ कापून खातात, स्त्रोगानिना म्हणतात, न शिजवल्यामुळे त्यातलं व्हिटॅमिन सी शाबूत राहतं. वाचून कुणी उत्साहाने कच्चा मासा खाऊ नका, ओब-इर्तिशच्या खोऱ्यात कार्प जातीच्या कच्च्या माशांतून लिव्हरमध्ये जाणारा एक चपटा कृमी होतो आणि त्याचा प्रादुर्भाव जगात सर्वात जास्त तिथेच आहे.

रिपोर्टमध्ये झिंक १२ आलंय आणि नागपूरचे काका म्हणतात ७०च्या वर पाहिजे. घाबरू का?

हा प्रश्न मला अक्षरशः आलेला आहे, ते बाबा रात्री अकरा वाजता फोनवर रडकुंडीला आले होते. युनिट बघा हो आधी. भारतात मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर देतात, इथे मायक्रोमोल पर लिटर. इथल्या आकड्याला साडेसहाने गुणा, १२ म्हणजे साधारण ७८. उत्तम आहे. सेलेनियमला मायक्रोमोलचा आकडा ७९ने गुणला की मायक्रोग्रॅम पर लिटर मिळतात, ८०-९०च्या वर असेल तर रक्तातलं ते पेरॉक्सिडेस एन्झाइम पूर्ण ताकदीने चाललंय असं समजतात.

आणि युनिट बरोबर असूनही कमी असेल तर?

तर रक्त कसं काढलं ते विचारा. लॅबमधल्या दिवसांपासूनची ही माझी चीड आहे. झिंक सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर ते खाली येतं. ट्यूब ट्रेस एलिमेंटची वेगळी येते, गडद निळ्या टोपणाची, साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून झिंक झिरपतं. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी दिसत असेल तर लाल पेशी फुटल्यात, त्यांच्यातलं झिंक बाहेर येऊन रिपोर्ट खोटाच चांगला येतो, असं गुलाबी सिरम मी कितीतरी वेळा परत पाठवलंय आणि शिव्या खाल्ल्यात. व्हिटॅमिन सी तर इतकं नाजूक की रक्त काढून लगेच थंड करून, अॅसिड घालून, खोल फ्रीझ केलं नाही तर टेबलावरच नासतं, मग रिपोर्ट खलाशांना स्कर्व्ही व्हायची तसला येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सर्दी-ताप असताना किंवा रेसच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट करणं. शरीरात सूज असली की झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ए रक्तात खाली दिसतं, कॉपर आणि फेरिटिन वर जातं. सोबत सूज दाखवणारं सीआरपी करून घ्या, ते वाढलेलं असेल तर बाकीचे आकडे बाजूला ठेवा. व्हिटॅमिन ई कोलेस्टेरॉलसोबत वाचायचं कारण ते फॅटवर बसून फिरतं, बारीक अंगाच्या स्कीअरचं कोलेस्टेरॉल कमी असलं की ई पण कमीच दिसणार. व्हिटॅमिन ए चा आकडा लिव्हरमधला साठा संपत येईपर्यंत हलतच नाही.

केसांची टेस्ट ऑनलाइन मिळते, सुई नाही, करू का?

एका घरी केली होती. पोराचं झिंक रिपोर्टच्या पट्टीच्या बाहेर, लाल रंगात. आई म्हणाली आम्ही तर झिंक देतच नाही. बाथरूममध्ये बघितलं तर भारतातून आणलेला डँड्रफचा शाम्पू, त्यात झिंक पायरिथियोन. काही शाम्पूंत सेलेनियम सल्फाइड असतं, तिथे सेलेनियमची तीच बोंब. मोठ्या लोकसंख्येचा पॅटर्न बघायला केस ठीक आहेत, यूग्रात त्यासाठीच वापरतात, पण एका पोराचा डोस ठरवायला मी तरी वापरणार नाही.

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ सी आणि ई च्या मोठ्या गोळ्या दिल्या तर? सी तर पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन, नुकसान तर नाही ना.

नुकसान आहे, म्हणून तर हे पान लिहायला घेतलं. ज्या फ्री रॅडिकल्सना आपण शत्रू समजतो तेच स्नायूला निरोप देतात की बाबा काम वाढलंय, मायटोकाँड्रिया वाढव. तो निरोपच दाबला तर ट्रेनिंगचा काही भाग वाया जातो. नॉर्वेत २०१४ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे, ५४ तरुण, ११ आठवडे एन्ड्युरन्स ट्रेनिंग, निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि २३५ मिलिग्रॅम ई, निम्म्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. दम दोन्हीकडे सारखाच वाढला, पण स्नायूत मायटोकाँड्रिया वाढल्याची खूण खोट्या गोळ्यावाल्यांतच दिसली. त्याआधी २००९ मध्ये जर्मनीतल्या प्रयोगात याच दोन व्हिटॅमिन्सनी व्यायामाने सुधारणारी इन्सुलिनची संवेदनशीलता, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देतं ते, सुधारूच दिली नाही. हे प्रयोग मोठ्यांवर झालेत, चौदा वर्षांच्या पोरांवर नाही, पण ज्या वयात शरीर घडतंय तिथे हा जुगार कशाला?

यात भेद एकच, खरी कमतरता असेल तर ती भरून काढायचीच. रिकामी टाकी भरणं वेगळं आणि भरलेल्या टाकीत नळ सोडून जाणं वेगळं. नॉर्डिक देशांच्या २०२३च्या शिफारशीत व्हिटॅमिन सी पुरुषांना ११०, बायकांना ९५ मिलिग्रॅम आहे. हजार नाही.

पण व्हिटॅमिन सी ने सर्दी कमी होते म्हणतात?

सर्वसामान्य माणसाला रोज घेऊन सर्दी टळत नाही. गंमत म्हणजे अपवाद नेमका आपल्या विषयातलाच आहे, मॅरेथॉनवाले, स्कीअर आणि बर्फात सराव करणारे सैनिक अशा पाच अभ्यासांत मिळून सुमारे ६०० लोक होते आणि त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्यातला एक स्वित्झर्लंडमध्ये स्की कॅम्पला गेलेल्या शाळकरी मुलांवरचा, १९६१चा. हे सगळे थोड्या काळाच्या भयंकर ताणाचे प्रसंग होते. म्हणून आठवड्याभराच्या कॅम्पला कुणी डॉक्टरांना विचारून दिलं तर मी भांडणार नाही, ऑक्टोबर ते एप्रिल रोज दिलं तर भांडेन.

आम्ही शाकाहारी, झिंकचं काय?

झिंक डाळी-धान्यांत असतं पण त्यांच्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. म्हणूनच आयसीएमआरने, म्हणजे भारताच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये भारतीय पुरुषांसाठी झिंकची गरज १७ मिलिग्रॅम धरली, अमेरिकेत ती ११ आहे. उपाय आजीचाच, भिजवा, मोड आणा, आंबवा. मोडाची मटकी, इडली, आंबोळी. इथली राय नावाच्या धान्याची काळी, भाकरीसारखी पाव-चकती, रुइसलेइपा, तीही आंबवलेल्या पिठाचीच, तिला लोणी लावून वर चीज ठेवलं तर लेक न सांगता दोन खाते. झिंकच्या गोळ्या महिनोन् महिने देऊ नका, जास्त झिंकने कॉपर शोषलं जात नाही, आणि वर सांगितलेल्या एन्झाइमला दोन्ही लागतात.

मग ताटात नक्की काय वाढू?

ई साठी तेल बदला, नुसतं तूप-लोणी चालणार नाही. एक मोठा चमचा सूर्यफूल तेलात साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास ई असतं, मूठभर बदामात सातेक. शेंगदाण्याचं कूट आहेच. सी साठी लाल ढोबळी मिरची, किवी, कोबीची कोशिंबीर. बेरी म्हणाल तर लोक ब्लूबेरीच्या नावाने वेडे होतात पण तिच्यात सी फारसं नाही, लिंगनबेरीतही कमीच, खरं सी आहे ते काळ्या करंटमध्ये आणि तिर्नी म्हणजे सी बकथॉर्नमध्ये. तिर्नी अशी आंबट की तोंड वाकडं होतं, आवळ्याची आठवण येते, मी साखर-वेलची घालून तिचं मोरावळ्यासारखं काहीतरी करते, फक्त शिजवत नाही, फ्रीझरमधून काढून वाटते. रशियात रोझहिपची वाळलेली फळं रात्री थर्मासमध्ये गरम पाण्यात टाकतात, शिपोव्निक, ते आंबटगोड पाणी ट्रेनिंगला नेतात, साखरेच्या ड्रिंकपेक्षा केव्हाही बरं.

ब्राझील नट रोज खाल्ले की सेलेनियमचं काम झालं?

एक. एकच. एका बीमध्ये ५० ते ९० मायक्रोग्रॅम असू शकतं, झाड कुठल्या जमिनीत आहे त्यावर कमीजास्त. नॉर्डिक शिफारस दिवसाला ७५-९०. वाटीभर खाल्ले तर केस गळणं, नखं फुटणं, तोंडाला लसणासारखा वास. २००८ मध्ये अमेरिकेत एका लिक्विड सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलाच्या २०० पट सेलेनियम गेलं आणि २०१ माणसं आजारी पडली होती.

व्हिटॅमिन डी?

ते अँटिऑक्सिडंटच्या यादीत नाही, पण इथे सगळ्यात आधी तेच बघा. हिवाळ्यात या अक्षांशावर कातडीत ते तयारच होत नाही, आपल्या सावळ्या रंगाला तर आणखी उन्हं लागतात. याची गोळी मात्र बिनधास्त द्या, वयाला सांगितलेल्या डोसमध्ये.

क्लबमधल्या मोठ्या पोरांनी एक पावडर सुचवलीये, त्यात सगळंच आहे.

'सगळंच' हीच अडचण. ऑलिम्पिक समितीने पैसे दिलेल्या एका तपासणीत ६३४ सप्लिमेंट्स बघितली, २००४ मध्ये निकाल आला, ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली हार्मोनसदृश द्रव्यं निघाली. डोप टेस्टमध्ये 'मला माहीत नव्हतं' चालत नाही, पोरगं पंधराचं असलं तरी.

टेस्ट किती वेळा आणि कधी?

काही त्रास नसेल तर करूच नका. करायची तर सीझनआधी सप्टेंबरात एकदा आणि वाटल्यास मार्चअखेर एकदा, म्हणजे हिवाळ्याने किती खाल्लं ते कळतं. आहार बदलला तर तीन-चार महिने थांबा, लाल पेशींचं आयुष्यच १२० दिवसांचं, त्यांच्यातलं सेलेनियम त्याआधी नवीन चित्र दाखवत नाही. सर्दी जाऊन दोन आठवडे झालेले हवेत, आदले दोन दिवस जड ट्रेनिंग नको, सकाळी आठ-नऊला, उपाशीपोटी. कोचला आदल्या संध्याकाळीच मेसेज टाकून ठेवा, नाहीतर सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला पोरगं न्यायला गाडी दारात उभी राहते.